मनकर्णाबाईचा हात

सोनाळ्याच्या शाळेत सातवीपर्यंतच वर्ग होते. गावात आठवी निघाली नाही, तर चंद्रभागेचं दप्तर कायमचं खुंटीला लागणार होतं! सरपंचपदासाठी दोघं उभे होते. आठवी आणीनच, अशी शपथ मारुतीसमोर घेतली ती शालिग्रामजींनी. पुंजाजींनी वर्गाचं नावसुद्धा काढलं नाही. अन् सरपंच निवडताना, नव्या ग्रामपंचायतीत मेंबर असलेल्या तिच्या मायनं, मनकर्णाबाईनं, हात वर केला तो पुंजाजींसाठी!

"काऊन वं माय? शालिग्रामकाका तर शब्दाचे पक्के हायेत!" घरी येताच चंद्रभागा फणफणली.

"हायेत ना. पण त्याईची पोरं अकोल्याले शिकून राह्यली."

"मंग?"

 

"पुंजाजीची लाडकी लेक औंदा तुयासंगंच सातवी पास झाली, तिले पुढं शिकवाचं हाये त्याले, अन् गावाबाहेर तर तो तिले धाडत नसतो."