निरोपाच्या टाळ्या

“टाळ्या!” फाउंडर ओरडला. आमच्या स्टार्टअपमध्ये कोणाला कामावरून काढलं की सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवायच्या, हा त्याचाच नियम. “रडतेस काय, शाल्मली? हसत जा!”

शाल्मलीला सातवा महिना होता. पोटावर हात ठेवून ती लिफ्टपर्यंत गेली. मीही भित्र्यासारख्या टाळ्या वाजवल्या. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

दोन महिन्यांनी गुंतवणूकदारांनी त्यालाच हाकललं. खोका घेऊन तो केबिनबाहेर आला. मी उठले आणि टाळ्या वाजवायला लागले. मग अख्खं ऑफिस उभं राहिलं.

“बास करा ना,” तो पुटपुटला.

“हसत जा, सर!” मी म्हणाले.

लिफ्टला नवव्या मजल्यावर यायला वेळ लागत होता. लागू दे. आम्हाला कसलीच घाई नव्हती.