सावलीतल्या पोरी

"दोन्ही एका फोटोत न्हाई यायचं," स्नेहलनं बाळासोंना पुन्हा सांगितलं. "एक्सपोजर सावलीचं धरलं तर मंडप पांढरा पडतोय. उन्हाचं धरलं तर माती काळी. कुठलं तरी एक धरायला लागतंय."

बाळासो यात्रा कमिटीचे अध्यक्ष. पन्हाळ्याच्या पायथ्याचं गाव, ऊन कललेलं. शाळेच्या इमारतीची सावली निम्म्या आखाड्यावर सरकली होती. पलीकडच्या मंडपात मात्र तिरकं ऊन शिरलं होतं आणि प्रमुख पाहुणे कपाळावर हात धरून बसले होते. उद्या चौकात फलक लागायचा होता. त्यावर पुढं मानाची कुस्ती आणि मागं पाहुणे, असा फोटो बाळासोंना पाहिजे होता.

"मग पाहुण्यांचं धरा की, वैनी," ते म्हणाले. "पोरी काळ्या आल्या तरी चालतंय. कुस्ती हाय एवढं कळलं म्हंजे झालं."

दुसऱ्या कुठल्या वर्षी स्नेहलनं ऐकलं असतं. ह्या मैदानाचे फोटो ती बरीच वर्षं काढत होती. पण मुलींच्या कुस्त्या इथं नेहमी दुपारीच, माणसं जमायच्या आधी उरकून घेत. मानाची कुस्ती यंदा पहिल्यांदा मुलींना मिळाली होती, आणि त्यातली एक अनुजा होती, स्नेहलची मुलगी. दुसरी गडहिंग्लजची आदिती. गेल्या वर्षी तिनं अनुजाला पाडलं होतं.

सकाळी गडमुडशिंगीहून मायलेकी एकाच स्कूटीवर आल्या, पण वाटेत कुस्तीचं कुणी बोललं नाही. आज कॅमेरा दुसऱ्या कुणाकडं देऊ का, एवढं स्नेहलनं विचारलं होतं. अनुजा नको म्हणाली. आई नुसती कडेला बसली तर आपलं लक्ष तिच्याकडंच जाईल, कामात असलेली बरी.

हलगी कडाडली. पंचांनी हात बाजूला केला आणि पोरी भिडल्या. आदिती अंगानं भारी. तिच्या रेट्यानं अनुजा मागं सरत सरत सावलीत आली, अगदी स्नेहलच्या समोर. फ्लॅश मारायचा नाही, पैलवानांच्या डोळ्यांवर येतो, असं पंचांनी आधीच बजावलं होतं.

बाळासोंनी सांगितल्याप्रमाणं स्नेहलनं मंडपाचं एक्सपोजर धरलं आणि चार-दोन फोटो घेतले. मागचं सगळं झकास आलं. पाहुण्यांचे फेटे आले, छातीवरचे बिल्ले आले, टेबलावरच्या पाण्याच्या बाटल्यासुद्धा आल्या. पुढं दोन काळे गोळे एकमेकांत गुंतलेले. त्यातला आपला कोणता, हे तिलाही ओळखता येईना.

तेवढ्यात आदितीनं पट काढला. अनुजाचा पाय तिच्या हातात गेला, ती गुडघ्यावर आली, आणि कडेची माणसं ओरडत उभी राहिली. आता संपलं, असं स्नेहलच्या मागं कुणीतरी म्हणालं.

स्नेहलनं कॅमेरा खाली घेतला. आता सावलीचं धरायचं, पण शटर हळू केलं असतं तर पोरी पुसट आल्या असत्या. म्हणून तिनं लेन्स पूर्ण उघडली आणि आयएसओ चढवला. अनुजा हरणार असेल तर हरलेली दिसेल, पण दिसेल. तिनं पुन्हा डोळा लावला आणि एक फोटो काढून बघितला. मंडप, फेटे, बिल्ले, सगळं पांढऱ्यात विरून गेलं होतं. मातीला तांबडा रंग आला होता. अनुजाचे आवळलेले दात दिसत होते, आदितीच्या भुवईला लागलेली माती दिसत होती.

आणि गुडघ्यावरूनच अनुजा आत घुसली. आदितीचा दंड तिनं घट्ट धरला, मान तिच्या बगलेखाली घातली आणि तिला आडवी खांद्यावर घेऊन उठली. कलाजंग डाव. स्नेहलचं बोट शटरवर दाबलेलंच राहिलं. आदितीची पाठ मातीला लागली तेव्हा गर्दीचा आवाज स्नेहलला जरा उशिरानं ऐकू आला. ती आत पळाली नाही. आदिती उठून अनुजाच्या गळ्यात पडली, पंचांनी अनुजाचा हात वर केला, ते सगळं तिनं काढलं.

बाळासो घाईनं आले आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकले.

"पाहुणे कुठं हायत ह्यात?"

"हायत की. उन्हात हायत."

पुढच्या वर्षी दुसरा फोटोग्राफर बघू, असं ते म्हणाले. बघा, असं तीही म्हणाली. पण बाळासो लगेच गेले नाहीत. फोटोकडं आणखी थोडा वेळ बघत राहिले, मग मंडपाकडं वळले.

अनुजा आली. अंगभर माती, ओठ फुटलेला. तिनं फोटो निरखून बघितला आणि डावा पाय अजून पुढं पाहिजे होता म्हणाली. स्नेहलला हसू आलं. पोरगी जिंकली होती आणि चूक शोधत होती.

मागून आदितीनंही मान घातली. फोटोत ती अनुजाच्या खांद्यावर आडवी होती, पाय हवेत, तोंड उघडं. अनुजानं पटकन पडद्यावर तळवा ठेवला. आदितीनं तो बाजूला केला.

"काकू, ह्यो मला बी पाठवा," ती म्हणाली. "आमच्यात भिंतीवर आज्जाचा फोटो हाय आखाड्यातला, वडलांचा हाय. त्यांच्या शेजारी लावतो."

"अगं, ह्यात तू पडायला लागलीस," स्नेहल म्हणाली.

"पडंना. मीच हाय हे दिसतंय की."