युरेनियमचा कप्पा

“साहेब, शिसं आहे हो ते! मासे धरायच्या जाळ्याचं!” खानविलकर सर काकुळतीला आले होते.

तपासणीला आलेले साहेब काचेच्या कपाटापुढून हलेनात. सरांच्या जन्मभराच्या मूलद्रव्यसंग्रहात युरेनियमचा कप्पा तेवढा रिकामा होता. कमी किरणोत्सारी अशा क्षीण युरेनियमचा वाटाण्याएवढा तुकडा मिळावा म्हणून त्यांनी रीतसर अर्ज केला होता. परवाना येईना आणि रिकामा कप्पा बघवेना. शेवटी त्यांनी त्यात शिशाचा तुकडा ठेवून ‘युरेनियम’ अशी चिठ्ठी चिकटवली.

“आधी माल आणायचा आणि मग परवाना मागायचा!” साहेब गुरकावले. “तुकड्याचा प्रयोगशाळेतून अहवाल येईपर्यंत गाव सोडायचं नाही.”

सील ठोकलेल्या कपाटाकडे सर बघत राहिले. संग्रह पुरा झालाय, यावर आज पहिल्यांदाच कुणाचा तरी विश्वास बसला होता.