पहिला मान

फोरमनच्या खुर्चीवरून दोघा साडूंमध्ये विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. गेल्याच महिन्यात पॉवरहाऊसच्या दारात थोरल्याने धाकट्याचे दोन दात पाडले होते आणि धाकट्याने पान्ह्याने त्याची बरगडी मोडली होती.

आज दुरुस्त होऊन आलेला जनरेटर चालू जनरेटरला जोडायचा होता. जेवणाच्या सुट्टीत थोरल्याने त्याच्या तीन केबलींपैकी लाल आणि निळीची गुपचूप अदलाबदल केली, वरच्या रंगीत पट्ट्याही बदलल्या. असा क्रम उलटला की दोन्ही यंत्रं एकमेकांच्या उरावर बसतात, पॅनेल फुटतं आणि हँडल ओढणाऱ्याचा जागीच कोळसा होतो.

"ओढ रे. आज पहिला मान तुझा," तो धाकट्याला म्हणाला.

"छे, दादा. तुम्ही असताना मी कसा ओढू?"

"मी सांगतोय ना, ओढ."

"तुमच्याआधी? शक्यच नाही."

इंजिनियर साहेब वैतागले. "मीटरचा काटा बारावर आलाय, जोडायची हीच वेळ, आणि तुमचं मानपान संपत नाही," म्हणत त्यांनी स्वतःच हँडल ओढलं.

जीव मुठीत धरून थोरला लोखंडी कपाटाआड झेपावला.

स्फोट झालाच नाही. जनरेटर लोण्यासारखा अलगद जोडला गेला.



कपाटाआड धाकटा आधीच कान झाकून बसला होता. दोनदा उलटलेल्या तारा पुन्हा सरळ होतात हे दोघांनाही एकदमच उमगलं, आणि साहेब 'शाब्बास' म्हणेपर्यंत दोघांचेही पान्हे हवेत होते.