दहा दिवस मान खाली

डोळ्याचा पडदा सरकला म्हणून ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी बाबांना दहा दिवस मान खालीच ठेवायला बजावलं. धड असलेल्या दुसऱ्या डोळ्याला दिसायचे ते फक्त लोकांचे पाय. आज तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी लेकीला तेवढं आत थांबवून घेतलं. बाबा बाहेर बाकावर, जीव टांगणीला लागलेला. अखेर तिच्या चपला समोर येऊन थांबल्या.

“बाबा, पडदा मस्त चिकटलाय! नजर येणार म्हणाले.”

आवाज खणखणीत होता. पण उजव्या पायाचा अंगठा चपलेतून निघून डाव्या पायावर चढला. थाप मारताना लहानपणापासून तिचं हे असंच. तिची आई म्हणायची, “ही खोड अगदी बापाची उचललीय.”

“मग झालं तर! मी मुळी घाबरलोच नव्हतो,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी आपले पाय हळूच बाकाखाली ओढून घेतले.