निशिगुचीचं सातवं गाणं

"ही सीडी पेटीत नाही ठेवता यायची," नुमाताबाई म्हणाल्या. "प्लास्टिक आहे. दहनगृहातले लोक हरकत घेतात. आतला कागद ठेवा हवं तर."

कोतोएने डबीतून गाण्यांचा कागद काढला, वडिलांच्या छातीवर शेवंतीच्या फुलांत खोचला आणि डबी काकापुढे धरली. शुंजीने ती घेतली. काल दुपारपासून कुणी काहीही हातात दिलं की तो घेत होता. चहा दिला की चहा, टॉवेल दिला की टॉवेल. थोरला भाऊ गेला, एकुलता एक, तरी डोळ्यांत टिपूस नव्हता. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यासारखं आत सगळं बधिर होतं.

"मग निघताना गाणं लावू या," नुमाताबाईंनी सुचवलं. अंत्यसंस्काराच्या हॉलमध्ये बावीस वर्षं काढलेली बाई. कुणाचं कुठे अडतं ते तिला बरोबर कळे. "इथून गाडीपर्यंत तीन मिनिटं लागतात. कोणतं लावू?"

सगळ्यांनी शुंजीकडे पाहिलं आणि लगेच नजरा वळवल्या.

कारण बँड होता निशिगुची, आणि शुंजी तोक्योतला नावाजलेला संगीत-समीक्षक. निशिगुचीवर तोंडसुख घेणं हा त्या जमातीचा आवडता उद्योग, आणि त्यात पहिला मान शुंजीचा. 'निशिगुची म्हणजे स्टेशनवर मिळणारी छत्री. घरोघरी असते, पण तिचा रंग कुणाला आठवत नाही,' हे वाक्य त्याचं. ते इतकं गाजलं की बाकीच्या विद्वानांनी पुढची वीस वर्षं बँड न ऐकताच त्याला नावं ठेवली. थोरला योशिताका मात्र आपल्या कानशींच्या कारखान्यात रोज तीच गाणी लावायचा. नव्या वर्षाला धाकटा भाऊ घरी आला की एकदा तरी विचारायचा, "खरं सांग रे, अजिबातच बरे नाहीत?" आणि शुंजी म्हणायचा, "नाहीत, दादा." ते धडधडीत खोटं होतं. पण छापून आलेलं वाक्य गिळायचं कसं? पुढच्या वर्षी सांगू, असं करत राहून गेलं.

"भावजी, तुम्ही नका त्रास करून घेऊ," सायोकोवहिनी म्हणाली. "कोतोए सांगेल कोणतं ते."

"सातवं लावा," शुंजी म्हणाला. "सुरुवातीचं ऑर्गन सोडून द्या. अकराव्या सेकंदाला ड्रम येतो, तिथपासून. चालायच्या बेताचाच ठेका आहे. पेटी उचलणाऱ्यांना बरं पडेल."

वहिनी बघतच राहिली.

"छत्रीचा रंग चांगलाच आठवतोय की, काका," कोतोए म्हणाली.

झाकण बसलं. कारखान्यातली पाच माणसं आणि सहावा तो, अशी पेटी उचलली गेली. गाणं सुरू झालं. पावलं आपोआप ठेक्यात पडायला लागली. दादा वजनाने चांगला ऐसपैस माणूस होता, पण शुंजीच्या हाताला भार कळत नव्हता. त्याला फक्त गाणं कळत होतं. पुढे काय येणार, कुठला सूर कुठे वळणार, सगळं.

पेटी गाडीत सरकली. मागचं दार लागलं. नुमाताबाईंनी घड्याळ पाहिलं आणि आवाज हळूहळू कमी करायला भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला.

"थांबा," शुंजी म्हणाला.

"साहेब, दहनगृहात साडेबाराची वेळ मिळालीय. आपल्यामागे दुसरे लोक आहेत."

"चाळीस सेकंद राहिलेत."

"गाणारा तर थांबला. आता काय, नुसतं वाजवणंच—"

"हात लावू नका त्याला!"

तो ओरडला होता. कारखान्यातली माणसं दचकली. वहिनीच्या हातातली दादाच्या नावाची लाकडी पाटी हलली. ड्रायव्हरने निरोपाच्या हॉर्नवर ठेवलेला हात काढून मांडीवर ठेवला.

"ऐक," शुंजी पुतणीला म्हणाला. हवामानाचा अंदाज वाचून दाखवावा तसा त्याचा आवाज सपाट होता. "आता दोन्ही गिटार थांबतील. थांबल्या बघ. दुसरा कुणी असता तर इथे व्हायोलिनं कोंबली असती. यांनी जागा मोकळी सोडलीय. नुसता बास, आणि तो ड्रमवाला. डावा हात केसभर मागे ठेवतो, मुद्दाम, आणि तरी ठेका सुटत नाही. सगळ्यांना वाटतं, चुकतोय. मीही तेच लिहिलं. चुकत नाही तो. फार मोठ्या ताकदीची माणसं आहेत ही, कोतोए. फार मोठ्या."

कोतोए वडिलांचा फोटो छातीशी धरून उभी होती. तिने मान वळवली नाही.

"इथे बाबा मशीन बंद करायचे," ती म्हणाली. "एवढं ऐकून होईपर्यंत. तुमचं काही छापून आलं की मला आणि आईला राग यायचा. ते नाही चिडायचे. म्हणायचे, शुंजीला हे ऐकूच येत नाही गं. जगातलं सगळं ऐकतो बिचारा, नेमकं हेच नाही."

बास थांबला. ड्रायव्हरने रिवाजाप्रमाणे हॉर्न दाबून धरला आणि सगळ्यांनी हात जोडून माना खाली घातल्या. हॉर्न संपला तशा एकेक करून माना वर आल्या. शुंजीची तेवढी खालीच राहिली.