रविवार वगळून

न्हाणीघरातला पाण्याचा आवाज थांबला, तसा धाकटा आणखीनच अस्वस्थ झाला. आज रविवार. आई बाहेर येईपर्यंत घड्याळ पुन्हा भिंतीवर लागायला हवं होतं.

आईला कालचं आज आठवत नसे. रविवारी थोरला येतो, एवढं मात्र पक्कं ध्यानात. घड्याळात रविवार दिसला की ती चांगले कपडे घालून दाराशी खुर्ची टाकायची आणि दिवे लागले तरी उठायची नाही. कुणी तोंडी सांगितलेला वार तिला पटत नसे. धाकट्याने स्वतः बनवलेल्या या घड्याळावर मात्र भारी विश्वास.

"त्यापेक्षा दादांना फोन लाव ना," बायको म्हणाली.

"वर्षभर लावतोय. उचलतो कुठे?"

टेबलावर घड्याळ उघडून त्याने ते लॅपटॉपला जोडलं होतं. तारखेवरून वार काढायचा म्हणजे दिवसांची बेरीज करून सातने भागायचं. बाकी शून्य उरली की रविवार. त्या शून्याचा एक, म्हणजे सोमवार, करायला प्रोग्रॅममध्ये एकच ओळ पुरे होती. पण चिप इवलीशी, आत मुंगी शिरायला जागा नाही. त्याने बारा महिन्यांच्या दिवसांचा तक्ता उडवला, त्याचं काम एका सूत्रावर भागवलं. तरी ओळ मावेना. मग शंभराने भाग जाणाऱ्या वर्षांचा लीपचा नियमही छाटला.

"पुढच्या शतकात चुकेल हे," तो पुटपुटला.

"पुढच्या शतकाचं राहू दे. आई येतायत."

ओळ मावली. इतका आटोपशीर कोड त्याने नोकरीतही कधी लिहिला नव्हता. क्षणभर स्वतःचं कौतुक वाटलं, आणि लगेच लाजही वाटली. त्याने घड्याळ खिळ्याला अडकवलं.

आई आली. कंगवा हातातच राहिला.

"आज सोमवार?"

"हो आई, सोमवार."

ती दाराकडे गेली नाही. पलंगाच्या कडेवर बसली. धाकट्याला हायसं वाटलं.

"म्हणजे थोरला काल येऊन गेला," आई म्हणाली. "आणि मला कुणी उठवलंसुद्धा नाही."

बायको खिडकीबाहेर बघू लागली.

आईने कंगवा उशीखाली ठेवला.

"जेवून तरी गेला ना रे?"